जीपभोवती एक फेरी

किन्हवलीच्या नाक्यावर मुरबाडची जीप लागली की आम्ही सगळे जागेसाठी झोंबायचो. एक ताठ पाठीचे बाबा मात्र आधी जीपभोवती सावकाश फेरी मारायचे. प्रत्येक चाकावर थाप, मग वाकून खाली एक नजर. तोवर जीप भरायची आणि ते मागे, सुक्या मासळीच्या पाटीशेजारी, गुडघे छातीशी घेऊन बसायचे.

हवाईदलात वैमानिक म्हणून लागून फार वरच्या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले होते, एवढं गावभर ठाऊक होतं. नाव मी कधी विचारलं नाही. एकदा न राहवून म्हणालो, "विमानाची सवय सुटली नाही वाटतं?"

"चढण्याआधी स्वतः फेरी मारायची, हा पहिला धडा."

"मोठे साहेब झाल्यावरही?"

ते मिश्कील हसले. "तेव्हा तर जास्तच. हुद्दा वाढला की सलाम करणारे वाढतात, चाक बघणारे कमी होतात."

परवा ते फेरी मारून आले, तर पुढची सीट रिकामी. तिच्यावर मासळीवालीचा टॉवेल पसरलेला.

"बसा बाबा," ती मागून ओरडली. "तुमी रोज आमची चाकं बघता, मग तुमची सीट आमी नको बघायला?"

बाबांनी टॉवेलाची नीट घडी घातली आणि तिला कडक सलाम ठोकला.