साहेबांचा टीव्ही आणि गेटवरच्या गाड्या

चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी कॉम्प्युटर विभाग सांभाळायचो. कंपनीनं क्लाउडवर जायचं ठरवलं, तेव्हा आमचे जुने सर्व्हर भंगारात गेले आणि त्यांच्या गारेगार खोलीत मोठ्या साहेबांची मीटिंग रूम झाली.

क्लाउड म्हणजे काय, तर कुठंतरी लांब एक दणकट मशीन आम्ही भाड्यानं घेतलं होतं. त्याच्याच ताकदीचे वाटे करून माल रवाना करणाऱ्या डिस्पॅचचा, पगाराचा, स्टोअरचा असे आभासी सर्व्हर चालायचे. साहेबांना हे फार आवडलं. बसल्या बसल्या ते नवा सर्व्हर मागायचे.

"साहेब, मशीन एकच आहे. वाटेकरी वाढले की सगळंच मंदावेल," मी म्हणायचो.

"अहो, क्लाउडला कसली आलीय मर्यादा!"

शिफ्ट बदलताना सगळे एकदम कामाला लागले, की गाडी गेटबाहेर सोडायला लागणारं डिस्पॅचचं चलनच निघेना. भरलेल्या गाड्या गेटवर उभ्या आणि ड्रायव्हर सावलीत आडवे. डिस्पॅचचे प्रमुख तिथल्याच गावचे. फोन उचलला की त्यांचा आवाज यायचा, "राव, माझा माल खाली हाय अन् तुमचं चलन वर ढगात अडकलंय!"

साहेबांनी याची गंभीर दखल घेतली. कोणती गाडी किती वेळ अडकली, हे क्षणाक्षणाला दाखवणारा भला मोठा टीव्ही मीटिंग रूममध्ये लागला. त्यासाठी त्याच मशीनवर आणखी एक सर्व्हर. तो सारखी माहिती उपसायचा आणि डिस्पॅचचा सर्व्हर प्रोसेसरसाठी ताटकळायचा. गाड्या आणखी रखडल्या, पडदा लालभडक झाला.

"बघा, किती अचूक दाखवतोय!" साहेब खूश.

"साहेब, उशीर मोजण्यामुळंच उशीर होतोय."

"मोजलाच नाही तर कळणार कसा?"

शेवटी डिस्पॅचचे प्रमुख धुळीच्या बुटांनिशी थेट मीटिंगमध्ये घुसले. "साहेब, तुमचा टीव्ही जरा बंद करा. न्हाईतर गाड्यांना हितंच मुक्काम हाय."

साहेबांनी नाइलाजानं मान हलवली. मी टीव्हीचा सर्व्हर थांबवला. थोड्याच वेळात खाली इंजिनांची घरघर सुरू झाली. साहेब खिडकीशी जाऊन एकेक गाडी बाहेर पडताना बघत राहिले. मला वाटलं, पटलं.

पुढच्याच आठवड्यात दुसरं मशीन मंजूर झालं, खास टीव्हीसाठी. डिस्पॅचची कटकट संपली, गाड्या वेळेवर सुटू लागल्या. पडदा मात्र दिवसभर हिरवागार. साहेबांनी मला बोलावून चिंतेनं विचारलं, "हा बिघडला तर नाही ना?"