रानाला सांगितलेलं नाव

आहुप्याच्या साळुबाईकडे आता चाकणहूनही गाड्या येतात. जुन्नरचे तय्यबभाई गुडघ्यासाठी येतात, कंपनीत मोठ्या पगारावर असलेली तरुण मंडळीही येतात. निवृत्तीनंतर मी तिच्या ओट्यावर बराच बसलो आहे. औषधाची मुळी ती अगदी शेवटी देते. आधी विचारते, "जेवलीस का? घरात कोण कोण? कुणाशी अबोला हाय?" उत्तर संपेपर्यंत समोरच्यावरची नजर काढत नाही. दवाखान्यात जे चार मिनिटांत उरकतं, त्याला तिच्याकडे अख्खी सकाळ जाते.

तिची एक रीत आहे. मुळी खणण्याआधी देवराईत जाऊन आजाऱ्याचं नाव घ्यायचं. रान बोलत राहिलं तर खणायचं. गप्प झालं तर मातीला हात लावायचा नाही, सरळ दवाखान्यात धाडायचं.

यंदा दिवाळीनंतर माझी तळेघरची जुनी विद्यार्थिनी आली. काखेत गाठ. डॉक्टरांनी फाइलमधून मान वर न करता 'ऑपरेशन' म्हटलं आणि पुढचा नंबर पुकारला.

"गाठ कसली ते पण नाय सांगितलं, गुरुजी. मला नाय कापून घ्यायचं. साळुबाईनं मुळी दिली की झालं."

दुपारी आम्ही तिघं देवराईत गेलो. आत उन्हाची तिरीपही नव्हती. रातकिडे भर दुपारी किरकिरत होते.

"नाव काय बाय तुझं?"

"समृद्धी."

साळुबाईनं तीनदा हाक दिली. किरकिर तशीच चालू. तिनं खुरपं मातीला लावलं आणि पोरगी हसली.

ते हसू माझ्या ओळखीचं होतं. गृहपाठ न करता वही पुढे करताना ती असंच हसायची. चार वर्षं मी तिची हजेरी घेतली होती.

"साळुबाई, समृद्धी हे लग्नात ठेवलेलं नाव. ही इंद्रायणी."

"गुरुजी! कशाला सांगितलं?"

"रानाला फसवतीस व्हय गं?" साळुबाई रागावली नाही. हलकेच म्हणाली, "इंद्रायणी."

एका हाकेत सगळं थांबलं. किडे, पाखरं, पानंसुद्धा. त्या शांततेत कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. आम्ही तिघांनीही श्वास रोखून धरला होता.

इंद्रायणीनं साळुबाईचा हात घट्ट धरला. "मी मरणार का?"

"ते मला काय ठावं? ह्ये माझ्या हातचं न्हाई, येवढंच कळतं. आता उशीर नको करू."

"दवाखान्यात माझ्याशी कोण बोलत नाय, मावशी."

साळुबाईनं खुरपं कमरेला खोचलं. सत्तर वर्षांत ती कधी दवाखान्याची पायरी चढली नव्हती.

"मी येते. बाकड्यावर बसून ऱ्हाईन. डॉक्टर बोलला न्हाई, तर मी इचारीन त्याला."

मागं बघायचं नाही, एवढंच सांगून ती पुढे झाली. आमच्या पावलांखेरीज रानात आवाज नव्हता. उघड्यावर आल्यावर इंद्रायणीच्या फोनला रेंज मिळाली. नवऱ्याला ती म्हणाली, "ऑपरेशनची तारीख घ्या. आणि माझ्यासंगं एक मावशी येणार, तिच्या जेवणाचं बघा."