सेलिन गड चढली, तेव्हा

फेब्रुवारीतली सकाळ होती. रात्रभर फ्रीझिंग रेन पडून गेला होता आणि टोरोंटोजवळच्या ओकव्हिलला आमच्या ड्राइव्हवेवर बर्फाचा काचेसारखा थर धरला होता. मी गाडीच्या काचा खरवडत होते, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. जपानहून रूथ. सेलिनची मुलगी.

“विजू आंटी, ममाने आज कॉल केला नाही.”

झोपली असेल, मी म्हटलं. फोन चार्ज करायला विसरली असेल. रूथने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आंटी, यू हॅव द की. प्लीज, जाऊन बघ.” तिच्या आवाजात असं काही होतं, की मी काचा अर्ध्याच साफ करून निघाले. एटोबिकोला सेलिनच्या घरापर्यंतचा रस्ता एरवी मला पाठ आहे, पण त्या दिवशी गाड्या गोगलगायीसारख्या सरकत होत्या, दोन ठिकाणी कडेला घसरलेल्या गाड्या उभ्या होत्या. रूथने फोन ठेवला नाही. ती स्पीकरवर होती. मधूनच ती विचारायची, “आता कुठे?” मी एक्झिटचं नाव सांगायची. सेलिनच्या कॉन्डोचं, म्हणजे तिच्या फ्लॅटचं, दार मी माझ्याकडच्या किल्लीने उघडलं तेव्हाही फोन चालूच होता. ती पलंगावर होती, कुशीवर, चष्मा न काढता झोपलेली. मी तिच्या कपाळाला हात लावला, ते थंडगार होतं, आणि मी नुसतं “रूथ...” म्हटलं. रूथला कळलं. मग अगदी हळू म्हणाली, “ओके. तिला एकटीला सोडू नको, आंटी. मी येतेय.”

जपानात बसलेल्या मुलीला आईच्या जाण्याची चाहूल आमच्या सगळ्यांच्या आधी लागली, याचं दफनाच्या दिवशी पुष्कळांना नवल वाटलं. मला वाटलं नाही. रोज सकाळी चहा झाला की सेलिन रूथला फोन करायची, त्यात कधी खंड नव्हता, आणि ही रीत कुठे सुरू झाली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ते सांगायचं म्हणजे जपानातल्या एका डोंगरावर जायला हवं. पण त्याआधी सेलिन कोण, ते सांगायला हवं.

आम्ही दोघी कॅनडात नव्या होतो तेव्हा एटोबिकोतल्या एकाच घरात राहत होतो, ती वरच्या मजल्यावर आणि मी बेसमेंटमध्ये. कपडे धुण्याचं मशीन माझ्या दाराशेजारी होतं. येऊन चारच दिवस झाले असतील, कुणी बाई जिन्यावरून मुलीला ओरडताना ऐकू आली, “बाय, मोजे उलटे का टाकलेस गं?” मी दार उघडून बाहेरच आले. वसईकडचा तो हेल मला ठाण्यात कधी फारसा कानावर पडला नव्हता, पण परक्या देशात, बर्फाच्या पहिल्या आठवड्यात, तो मला माझ्या घरचाच वाटला. सेलिन एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करायची, तिचा नवरा इनास ट्रक चालवायचा. दोघांचा सगळा जीव रूथमध्ये. सेलिनचा स्वभाव असा, की घरातली प्रत्येक अडचण आधी स्वतः गिळायची आणि मग उरलंच तर इतरांना सांगायची. इनासची नोकरी गेली तेव्हा तो दोन महिने घरी होता; रूथला तिने सांगितलं, पप्पाला सुट्टी आहे. आम्ही हसलो होतो तेव्हा. पोर लहान होती.

ती पोर शिकली, मोठी झाली आणि इंग्रजी शिकवायला जपानात गेली. ती गेली त्याच वर्षी इनासला कॅन्सर निघाला, लिव्हरचा, शेवटच्या टप्प्यावरचा. सेलिनने रूथला कळवलं ते एवढंच, की पप्पाला बरं नाही, डॉक्टर औषधं देताहेत, तू नव्या नोकरीत लक्ष घाल. खरं सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता. रूथ टोरोंटोला उतरली ती इनास गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. दफनानंतर तिने आईला एकच वाक्य ऐकवलं, “यू डिसाइडेड फॉर मी.” आणि परत गेली. पुढची तीन वर्षं ख्रिसमसला एक फोन आणि वाढदिवसाला एक. हवापाण्याच्या गप्पा. फोन ठेवला की सेलिन ओट्याशी जाऊन, स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसायची.

२०१६च्या शरद ऋतूत सेलिनच्या छातीत दुखायला लागलं. जिना चढताना, सामानाच्या पिशव्या उचलताना. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी बायपास सांगितली आणि डिसेंबरची तारीख मिळाली. तारीख मिळाल्यावर तिने पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर जपानची तिकिटं काढली, तिचं आणि माझं. मी म्हटलं, वेडी आहेस का? ती म्हणाली, “डॉक्टरांना विचारलंय मी. विमानाला हो म्हणाले.” नोव्हेंबरात आम्ही निघालो. विमानात तिने जॅकेटच्या उजव्या खिशातून एक छोटा फवारा काढून मला दाखवला. दुखायला लागलं की जिभेखाली मारायचा. “रूथला यातलं काही कळता कामा नये,” ती म्हणाली.

मला राग आला. “सेलिन, तू परत तेच करतेयस.”

“हो. पण यावेळी कारण वेगळं आहे. मी आजारी आहे म्हटलं, की ती लगेच माफ करेल, विजू. दयेने. मला तसली माफी नको. आधी तिला माझ्याशी नीट भांडू दे. मग सांगीन. शपथ घे, मी सांगेपर्यंत तू बोलणार नाहीस.”

मी शपथ घेतली. बारा-तेरा तासांच्या विमानप्रवासात आजारी माणसाला नाही म्हणणं फार कठीण असतं.

रूथ आम्हाला घ्यायला आली. नमस्कार, मिठी, सामान... सगळं अगदी व्यवस्थित. पहिले तीन दिवस दोघी एकमेकींशी पाहुण्यांसारख्या वागल्या. सेलिनने जेवणाचं कौतुक केलं, गाड्यांच्या वेळेचं केलं, वॉशरूमच्या गरम सीटचंही केलं. चौथ्या दिवशी रूथ म्हणाली, उद्या पहाटे ताकेदाला जाऊ. तिच्या गावापासून थोड्या अंतरावर डोंगराच्या माथ्यावर एक जुना किल्ला आहे, लाकडी वाडे कधीच गेले, नुसते दगडी तट उरलेत. त्या दिवसांत पहाटे खालच्या दरीत धुकं भरतं आणि तट ढगांवर तरंगताना दिसतात. एरवी रूथ सुट्टीच्या दिवशी तिथे एकटी जायची. “ममा, चढ आहे थोडा. जमेल ना?” सेलिन म्हणाली, “न जमायला काय झालं?” मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

स्टेशनच्या मागे मंदिरांची एक रांग आहे, तिच्या बाजूने वाट वर शिरते. दगडी पायऱ्या, ओल्या पानांनी निसरड्या झालेल्या, आणि दोन्ही बाजूंनी उंच झाडं. उजाडत होतं, पण धुक्यात पुढचं माणूस दहा पावलांवर पुसट व्हायचं. रूथ पुढे. मध्ये सेलिन. मागे मी. पहिल्याच वळणावर सेलिनचा श्वास मला ऐकू यायला लागला. ती थांबायची आणि फोन काढून फोटो घ्यायची. झाडाचा, दगडाचा, कशाचाही. रूथ वरून हाक मारायची, “कमिंग?” सेलिन म्हणायची, “किती सुंदर आहे गं हे.” मी तिच्या दंडाला धरून कुजबुजले, बस झालं, आता सांगते मी. तिने माझ्या हातावर इतका जोरात दाब दिला, की अंगठीचा वळ उठला. पुढच्या पायरीवर तिचा पाय घसरला. मी मागून सावरलं. रूथ चार पायऱ्या खाली आली, आईकडे बघत राहिली आणि म्हणाली, “तुला यायचं नव्हतं तर तसं सांगायचं होतंस. मला खूश ठेवायला नको येऊस.” आणि वळून पुन्हा चढायला लागली.

वर पोचलो तेव्हा किल्ला दिसलाच नाही. नुसतं पांढरं. फाटकाजवळच्या खोपटात तिकिटं देणारे दोन वृद्ध कर्मचारी होते, त्यांनी वाकून स्वागत केलं. पुढे चालायला चटया अंथरलेल्या आणि कडेने गुडघाभर उंचीवर दोर बांधलेले. दोरापलीकडे तट सरळ खाली उतरत होता, किती खोल ते कळायला मार्ग नव्हता. कुठे कठडा नाही, भिंत नाही. सेलिन एका दगडावर बसली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि तिचा उजवा हात जॅकेटच्या खिशात गेला. मी वाट बघत होते, हात बाहेर येईल म्हणून. हात बाहेर येईना.

कारण रूथ बोलायला लागली होती.

“चार दिवस झाले, ममा. यू टॉक्ड अबाउट ट्रेन्स. यू टॉक्ड अबाउट टॉयलेट्स. पप्पाबद्दल एक शब्द नाही.” तिचा आवाज मोठा नव्हता. “थ्री इयर्स मी वाट बघतेय. मला रजा मिळाली असती. मी नोकरी सोडून आले असते. मला त्याच्याजवळ बसायचं होतं, दॅट्स ऑल. तू ते घेतलंस माझ्याकडून. आणि मग म्हणालीस, तुझ्या भल्यासाठी.” ती बोलत होती आणि मी फक्त त्या खिशाकडे बघत होते. जॅकेटच्या कापडातून सेलिनची मूठ दिसत होती. तिचे ओठ निळसर पडले होते. मी एक पाऊल पुढे टाकलं. सेलिनने माझ्याकडे न बघता डाव्या हाताचा पंजा वर केला. थांब.

रूथला वाटलं तो तिच्यासाठी आहे. “नो, ममा. यावेळी मी थांबणार नाही.” आणि ती नाही थांबली. हॉस्पिटलचं, विमानतळाचं, बंद शवपेटीचं, सगळं तिने बोलून घेतलं. मग तिच्याजवळचे शब्द संपले.

सेलिन एकेक शब्द जुळवत म्हणाली, “पप्पा विचारत होते तुला. रोज. मी त्यांना सांगितलं, तिला रजा मिळत नाही. खोटं होतं ते. मी तुला विचारलंच नव्हतं.” ती श्वासासाठी थांबली. “भलं तुझं नव्हतं त्यात. तू आलीस की मला मानावं लागणार होतं, की ते जाणार. ते मला नको होतं. माझं चुकलं, बाय.”

 इनास रोज विचारायचा हे रूथला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

“आणि अजून एक लपवलंय,” सेलिन म्हणाली, आणि तिने खिशातून मूठ काढून उघडली.

रूथने फवाऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “यू न्यू?” मी हो म्हटलं. तिच्या चेहऱ्यावरून जे गेलं ते मला कधी विसरता येणार नाही. त्या क्षणी ती वळून धुक्यात निघून जाऊ शकली असती, असं मला खरंच वाटलं. ती गुडघ्यांवर बसली. आईच्या हातातून तिने फवारा घेतला, टोपण काढलं आणि मराठीत म्हणाली, “तोंड उघड.” तिने जिभेखाली फवारा मारला, पण हळुवारपणे नव्हे. रागाने. पाच मिनिटं गेली, दुखणं कमी होईना. दुसऱ्यांदा फवारा मारून रूथ उठली आणि खोपटाकडे धावली. धुक्यात तिची जपानी हाक दूर दूर जात ऐकू आली, मग तीही बंद झाली.

आम्ही दोघीच उरलो. मी सेलिनला माझ्या छातीशी टेकवून बसवलं. तेवढ्यात ऊन आलं असावं, कारण समोरचं पांढरं विरळ व्हायला लागलं आणि एकाखाली एक तट उघडे पडू लागले, काळे, दमदार, आणि त्यांच्याखाली दरीभर ढग. एवढ्या यातायातीने जे बघायला आलो ते समोर होतं आणि बघायला कुणाला उसंत नव्हती. सेलिनने विचारलं, “ती परत येईल ना?”

“मदत आणायला गेलीय,” मी म्हटलं.

“ते नाही विचारत मी.”

 मी नुसती चटईच्या दिशेला बघत राहिले. मग रूथ दिसली, पुढे धावत, आणि तिच्या मागे ते दोघे वृद्ध, एक घडीची खुर्ची घेऊन. सेलिनला खुर्चीत बसवून त्यांनी फाटकापर्यंत उचलून आणलं, तिथून त्यांच्या छोट्या गाडीतून खाली, आणि खाली ॲम्ब्युलन्स उभी होती. सगळ्या वाटभर रूथने आईचं मनगट धरलं होतं. बोलली ती फक्त त्या माणसांशी.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी सेलिनला सावरलं. दुसऱ्या दिवशी मी खोलीत शिरले तेव्हा रूथ खिडकीशी उभी राहून म्हणत होती, “मी माफ केलं असं म्हटलेलं नाही. आय ॲम स्टिल अँग्री.” सेलिन उशीवरून म्हणाली, “चालेल. रागाव. पण इथे बसून रागाव.” रूथ खुर्ची ओढून बसली. मग तिने अट घातली: रोज सकाळी फोन करायचा आणि काहीही, अगदी काहीही लपवायचं नाही. सेलिनने ती अट अशी पाळली, की पुढे रूथच मला कळवळून सांगायची, “आंटी, तिला सांग, मला तिच्या कोलेस्टेरॉलची पूर्ण हिस्ट्री नको आहे.” डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर रूथ आमच्याबरोबरच टोरोंटोला आली, बायपास होईपर्यंत आणि नंतरही राहिली. राग कधी गेला ते मला सांगता येणार नाही. एकदा मी डबा घेऊन गेले, तर दोघी ओट्याशी उभ्या राहून इनासच्या ट्रकवरून वाद घालत होत्या, तो हिरवा होता की निळा, आणि दोघीही हसत होत्या. त्यानंतर सेलिनला दोन वर्षं मिळाली. चांगली होती ती वर्षं. वृद्धाश्रमातल्या कामावर ती परत गेली, दोनदा जपानला जाऊन आली. डोंगर मात्र खालूनच बघितला.

परवा कॉन्डो रिकामा करायला मी गेले होते. रूथ जपानला परतायच्या आधीचा शेवटचा दिवस. आम्ही भांडी खोक्यांत भरली, पडदे उतरवले, फ्रिज पुसला. संध्याकाळ व्हायला लागली तशी मी कोट चढवला. सेलिनची एक सवय होती: पाहुणा निघाला की ती दाराशी उभी राहायची, लिफ्ट येईपर्यंत, आणि लिफ्टचं दार मिटेपर्यंत आत जायची नाही. कितीही सांगा, जा गं, थंडी आहे कॉरिडॉरमध्ये... ती हलायची नाही. आणि अगदी शेवटी, दार मिटता मिटता, “पोचलीस की फोन कर.” मी लिफ्टचं बटण दाबलं आणि मागे बघायचं नाही असं ठरवलं, कारण त्या दारात आता कुणी असणार नव्हतं. लिफ्ट आली. आत शिरून वळले, तर दारात रूथ उभी होती, चौकटीला खांदा टेकवून, हातात ओलं फडकं. आत गेली नव्हती.

दार मिटायला लागलं तशी ती म्हणाली, “टेक्स्ट मी व्हेन यू गेट होम, आंटी.”