देवळीतलं निळं

पावसाळ्यात मेंढरांचे खूर कुजायला लागले की जवळा बाजारच्या आसपासच्या वस्त्यांवरून माणसं बनाबाईकडे यायची. त्यावर लागणारं मोरचूद, ते निळे खडे, काय, कुठल्याही दुकानात मिळायचं. पण ते पाण्यात किती टाकायचं, मेंढरू त्यात किती वेळ उभं करायचं आणि कोणत्या जखमेला मुळीच लावायचं नाही, हे विचारायला तिच्याच दारात यावं लागे. ती सांगायची, पण आधी बोलून घ्यायची. "लेकराच्या हाताला लागंल असं ठिवू नका. मेंढराचं औषध हाय, माणसाचं इख हाय." हे तिचं बोलणं लोकांना इतकं पाठ झालं होतं की ती तोंड उघडायच्या आतच समोरचा मान हलवायचा, आणि मान काहून हलवली म्हणून आणखी चार शब्द ऐकून घ्यायचा.

तिचा स्वतःचा मोरचुदाचा डबा घरातल्या उंच देवळीत, भिंतीतल्या कोनाड्यात, असायचा. दोन हजार सालच्या उन्हाळ्यानंतर त्या डब्याशेजारी एक दगडही येऊन बसला. तिच्या मुलानं, प्रभूनं, शेतात विहीर काढायला घेतली होती. सुरुंग उडाला आणि काळ्या पाषाणाच्या पोटातली एक पोकळी फुटली. आत पांढऱ्या स्फटिकांवर निळेभोर गोळे चिकटलेले. लहान बोरांएवढे, आणि जवळून पाहिलं तर प्रत्येक गोळा बारीक सुयांचा. बनाबाईनं पाहिल्याबरोबर निकाल देऊन टाकला की हे मोरचूद आहे, देवानं घरातच दिलं, आता दुकानाची पायरी चढायला नको.

तो निकाल हिंगोलीच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या शिवहार सरांनी फिरवला. विहिरीत रंगीत दगड निघाल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं, म्हणून ते एका रविवारी मोटारसायकलवर आले आणि भर उन्हात ढिगाऱ्यावर बसून राहिले. त्यांनी दोन वाट्या मागितल्या. एकीत मोरचुदाचा खडा टाकला, दुसरीत विहिरीतला निळा कण. चहा होईपर्यंत पहिल्या वाटीतलं पाणी निळं झालं, दुसऱ्या वाटीतलं जसंच्या तसं राहिलं. मोरचूद हा तांब्याचा क्षार, तो पाण्यात विरघळतो, सरांनी सांगितलं. हे मात्र सिलिकेट, म्हणजे वाळू ज्या घराण्यातली त्याच घराण्यातलं. त्यात चुन्याचा अंश आहे, पाण्याचा आहे, आणि व्हॅनेडियम नावाचा एक धातू आहे, त्याचा हा निळा रंग. नखानं ओरखडत नाही, सुरीनं ओरखडतं. जगात फार थोड्या ठिकाणी सापडतं.

नाव विचारलं तर सर अडखळले. कॅव्हन्साइट असेल, म्हणाले, नाहीतर पेंटागोनाइट. दोन्हींत जिन्नस तेच आणि मापही तेच, फक्त आतली मांडणी वेगळी. एकाच कणकेची पोळीही होते आणि पुरीही होते, तसं. कोणतं ते डोळ्यांनी ठरवता येत नाही, पुण्याला पाठवून क्ष-किरणांखाली बघावं लागतं. बनाबाईला हे भारी गमतीचं वाटलं. एवढा शिकलेला माणूस आणि हातातल्या दगडाचं नाव सांगू शकत नाही. सर काही तुकडे घेऊन गेले. एक तिनं ठेवून घेतला, निळा रंग आवडला म्हणून, आणि जागा दुसरी नव्हती म्हणून मोरचुदाच्या डब्याला लावून ठेवला.

नातू रुद्र त्यानंतर जन्मला. तो दीड वर्षाचा असताना, श्रावणातल्या एका सकाळी, बनाबाई गोठ्यात लंगड्या मेंढ्यांचे खूर धुऊन घरात आली. रुद्र जमिनीवर बसला होता. दगड फुटलेला, डबा आडवा, झाकण बाजूला. सारवलेल्या भुईवर दोन्ही निळे एकमेकांत मिसळलेले. आणि लेकराच्या ओठांवर निळं.

तिनं त्याच्या तोंडात बोट घालून हाताला येईल ते काढलं, तांब्याभर पाण्यानं तोंड धुतलं आणि ती ओरडली. सून सत्यशीला अंगणातून धावत आली. तिनं एकदा भुईकडे पाहिलं, लेकरू उचललं आणि तशीच सडकेकडे पळाली. प्रभू मेंढरं घेऊन लांब गेला होता. औंढ्याची जीप मिळाली, पण श्रावणाची गर्दी. नागनाथाला निघालेल्या माणसांनी रस्ता भरलेला, जीप पावलापावलानं पुढे सरकत होती. रुद्र मजेत खिडकीबाहेर बघत होता. बनाबाईच्या डोक्यात मात्र एकच प्रश्न फिरत होता: तोंड धुतलं तेव्हा खाली पडलेलं पाणी निळं होतं का? ती आठवत होती आणि तिला कधी निळं पाणी दिसत होतं, कधी स्वच्छ. डबा आपणच मघाशी खूर धुवायला घेतला होता. परत वर ठेवला का? झाकण लावलं का? हेही आठवेना. एवढं मात्र दिसत होतं की डबा भुईवर होता, आणि साऱ्या मुलखाला शहाणपण शिकवणाऱ्या बाईच्या घरात होता.

औंढ्याच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, आणि त्यांनी सरळ विचारलं की पोरानं नेमकं काय खाल्लं. मोरचूद असेल तर आत्ताच नांदेडला न्यावं लागेल, तिथं रक्त तपासतील, लागलं तर पोटात नळी घालतील, वेळ घालवून चालणार नाही. दगड असेल तर इथंच ठेवू, लक्ष ठेवू. त्यांनी आधी सत्यशीलेकडे पाहिलं. ती पदरानं पोराचे ओठ पुसायला लागली. मग बनाबाईकडे.

"दगड," बनाबाई म्हणाली. "इहिरीतला. म्या डोळ्यानं पाह्यलं."

तिनं काहीच पाहिलं नव्हतं. शब्द तोंडातून गेला आणि तो परत घ्यायला तिला जीभ उचलेना. नळीची भीती होती हे खरं. पण त्याहून मोठी भीती सुनेची होती, वस्तीची होती. बनाबाईच्या डब्यातलं मोरचूद बनाबाईच्या नातवानं खाल्लं, हे आयुष्यभर ऐकावं लागेल. एवढ्यासाठी मी लेकराचा जीव टांगणीला लावला, असं तिचं मन तिला सांगत होतं.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, तोंडात बॅटरी मारली. उलटी झाली, लघवीचा रंग बदलला किंवा पोर मलूल पडलं तर लगेच बोलवा म्हणाले, आणि रात्रभर तिथंच ठेवून घेतलं. त्यानंतर बनाबाई रुद्रला क्षणभरही सोडेना. तो झोपला तर मलूल पडला असं वाटे, रडला तर पोट जळत असेल असं वाटे. एकदा त्यानं दुधाची गुळणी टाकली, तेव्हा तिनं ती बोटावर घेऊन उजेडात पाहिली. पांढरीच होती. सत्यशीला भिंतीला टेकून बसली होती आणि सासूकडे एकदाही बघत नव्हती. हिला कळलंय, बनाबाईला वाटलं. हिला सगळं कळलंय आणि ही मला कधी माफ करणार नाही. मनातल्या मनात ती शिवहार सरांच्या त्या दोन वाट्या पुन्हापुन्हा मांडत होती. पाण्यात विरघळत नाही, सर म्हणाले होते. पण पोटात? पोटाचं ते काही बोलले नव्हते, आणि तिनं विचारलं नव्हतं. कोण विचारणार असलं काही.

सरांनी पाठवलेल्या तुकड्यांचं उत्तर पुण्याहून फार उशिरा, हे सगळं होऊन गेल्यावर आलं. कॅव्हन्साइट निघालं. सर मुद्दाम सांगायला आले तेव्हा बनाबाईनं नाव नीट ऐकूनही घेतलं नाही. तिच्या लेखी त्या दगडाची ओळख आधीच पटली होती, औंढ्याच्या दवाखान्यामागच्या नळावर.

दवाखान्यातल्या त्या रात्रीनंतर सकाळी रुद्रनं लंगोट भरवला. एरवी ज्या कामाला तिनं सुनेला हाक मारली असती, त्यासाठी ती स्वतः लंगोट घेऊन नळावर बसली आणि बोटांनी चाचपत धुवायला लागली. हाताला कचकच लागली. तळहातावर पाणी सोडलं तसे कण उघडे पडले. निळे. विहिरीतून निघाले तेव्हा होते तेवढेच निळे. तिनं ते अंगठ्यानं रगडले, पुन्हा रगडले, नळ पूर्ण सोडला. बोटांमधून गळणारं पाणी स्वच्छ होतं. लेकराच्या आतड्यातून जाऊनही दगड दगडच राहिला होता.

डॉक्टरांनी कण पाहिले, रुद्रला पाहिलं आणि घरी जायला सांगितलं. बनाबाई बाहेर आली आणि सत्यशीलेसमोर जमिनीवर बसली. तिला आता धरवेना. ती म्हणाली, "म्या खोटं बोलले, माय. काय खाल्लं ते म्या पाह्यलंच न्हवतं. डबा माझ्या हातून खाली ऱ्हायला, म्हणून बोलले."

सत्यशीलेनं रुद्रला मांडीवरून उतरवलं. तिचा चेहरा रात्रभरात निम्मा झाला होता.

"तुमी डबा वरच ठिवला व्हता, आत्या," ती म्हणाली. "सणाचं म्हणून देवळी पुसायला म्या खाली काढला, दगडबी काढला. बाहीर कुणीतरी हाक मारली, म्हणून गेले. तुमी डाक्टरला दगड म्हणलात, तवा म्या मनात म्हणलं, बरं झालं, आता मला कुणी इचारणार न्हाई."

रुद्र दोघींच्या मधल्या मोकळ्या जागेत दुडदुडत गेला आणि भुईवर पडलेला एक खडा उचलून तोंडाकडे नेऊ लागला. दोघींचे हात एकदमच त्याच्याकडे गेले.