कृष्णातअण्णांनी मोजलेले चौदा आकडे

कृष्णात चौगुले आमच्या जयनगरचे टेलिफोन लाइनमन होते. मूळचे निपाणीजवळच्या खेड्यातले. खात्यात नोकरी लागली म्हणून बेंगळुरूला आले आणि इथलेच झाले. गल्लीत मराठी बोलणारं आमचं एकच घर, त्यामुळे फोन बिघडलेला नसला तरी महिन्यातून एकदा फाटकाला सायकल टेकवून ते हाक मारायचे, "काय राव, लाइन बरी हाय न्हवं?"

लाइन बरी असायची. त्यांना फक्त थोडा वेळ मराठी बोलायचं असायचं. माझे वडील, नरसिंहराव, बँकेतून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. तीन पिढ्या बेंगळुरात गेल्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड मुरलेलं. "कृष्णात, स्वल्प बसा, कॉफी घेऊन जा," ते म्हणायचे. कृष्णातअण्णा पायरीवर बसायचे, आत येत नसत. त्यांच्या कमरेला दोन चिमटे लावलेला एक काळा हँडसेट लटकत असे. तो तारेला लावून कान दिला की नुसत्या खरखरीवरून ते सांगायचे, जोड कुठे ओला झालाय.

ही गोष्ट दोन हजार चारची. माझा भाऊ शंतनु नुकताच अमेरिकेला गेला होता. रविवारी त्याच्याशी बोलता यावं म्हणून अप्पांनी फोनवर परदेशी कॉलची सोय घेतली आणि त्याचे फोटो बघता यावेत म्हणून घरात कॉम्प्युटर आणला. तेव्हा इंटरनेट फोनच्याच तारेवरून यायचं. सुरू करताना मोडेम किंचाळायचं आणि इंटरनेट चालू असेपर्यंत घरातला फोन बंद. मी कॉलेजातून आले की दुपारी कॉम्प्युटरसमोरच बसलेली असायचे.

मग एक बिल आलं. अप्पांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं आणि मला हाक मारली, "संहिता, हे बघ काय आहे." नेहमीच्या कितीतरी पट रक्कम आणि खाली लांबलचक यादी. शंतनुचे रविवारचे फोन होतेच, पण बाकी सगळे पॅसिफिकमधल्या एका बेटावर लागलेले. त्या बेटाचं नाव आम्हाला ॲटलासमध्ये शोधावं लागलं.

अप्पा तक्रार घेऊन एक्स्चेंजला गेले. तिथे रांगेत कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं, "तुमच्या लाइनमनला विचारा. खांबावरच्या पेटीतून तुमची लाइन दुसऱ्याला जोडून देतात." अप्पा घरी आले आणि पुन्हा ते बिल घेऊन बसले. संध्याकाळी त्यांनी तक्रार तोंडी सांगितली आणि मी ती कॉम्प्युटरवर टाइप केली. कृष्णातअण्णांचं नाव टाइप करताना मी थांबले. "अप्पा, नाव कशाला?"

"संशय म्हणून लिहितोय. चौकशी त्यांनी करावी," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता.

तीन दिवसांत अण्णांचं लाइनवरचं काम बंद झालं. चौकशी होईपर्यंत त्यांना ऑफिसात बसवून ठेवलं. चौथ्या दिवशी दुपारी ते आमच्या फाटकाशी आले. या वेळी सायकल टेकवली नाही, हातात धरूनच उभे राहिले.

"साहेबांकडनं दोन तासांची परवानगी घेऊन आलोय," ते म्हणाले. "राव, ते बिल एकदा मला दावता का?"

अप्पांनी बिल दिलं, पण बसा म्हणाले नाहीत. अण्णांनी यादीवरून बोट फिरवलं. "हे बघा. बेटाचे सगळे फोन दुपारी तीन ते पाच. सुट्टीच्या दिवशी एक बी न्हाई. चोर असता तर भर दुपारी कशाला आला असता? या वेळेला घरात कोण असतंय?"

"मी," मी म्हणाले. "पण मी फोन लावतच नाही. मी इंटरनेटवर असते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग रोजच्यासारखं चालू करा, अक्का."

माझ्या खिडकीबाहेरच भिंतीवर आमच्या लाइनची डबी होती. अण्णांनी तिला चिमटे लावले आणि हँडसेट खांद्याने कानाशी दाबून डोळे मिटले. मी आत बटण दाबलं. आकडे लागू लागले तशी त्यांची बोटं मिटत गेली. "सहा," ते म्हणाले. "हे तुमचं इंटरनेट. बरोबर?"

"बरोबर."

मग आम्ही वाट बघत राहिलो. मी पडद्यावर पेपर वाचत होते, म्हणजे वाचल्यासारखं करत होते. दहाएक मिनिटांनी अण्णांनी एकदम हात वर केला.

"लाइन तुटली. आता परत लागतीय." त्यांची बोटं पुन्हा मिटू लागली. एक हात संपला, दुसरा संपला, तरी मोजणं चालूच. "चौदा! अक्का, तुमी काय दाबलं?"

"काहीच नाही अण्णा." माझ्यासमोरचा पडदा जसाच्या तसा होता.

"तुमी न्हाई. तुमच्या मशीननं दाबलं." त्यांनी खिडकीच्या गजांतून हँडसेट आत दिला. "राव, कान लावा. हितं मी उभा हाय, खांबावर कोण न्हाई."

अप्पांनी कान लावला. तोच मोडेमचा किंचाळण्याचा आवाज, पण लांबून, समुद्राखालून आल्यासारखा. त्यांचा चेहरा उतरत गेला तो मी बघितला.

"ऐकत काय बसलाय, ओढा की वायर!" अण्णा ओरडले आणि मी भिंतीतली वायर उपटली.

मला मग आठवलं. महिन्या-दीड महिन्यापूर्वी फुकट वॉलपेपर घेताना एक चौकट समोर आली होती. बारीक अक्षरात बरंच काही लिहिलेलं होतं. न वाचता मी 'येस' दाबलं होतं. त्यासरशी मशीनमध्ये एक छोटा प्रोग्राम शिरला होता; तोच आमचं इंटरनेट तोडून गुपचूप बेटावरचा महागडा नंबर लावायचा आणि त्या पैशातला वाटा तो बनवणाऱ्याला मिळायचा. कनेक्शनच्या यादीत आमच्या नावाखाली एक दुसरंच नाव बसलेलं सापडलं. ते काढलं तर मशीन पुन्हा सुरू केल्यावर परत हजर. शेवटी दुकानात नेऊन सगळं पुसलं, नव्याने भरलं, वर अँटीव्हायरस घातला. बिल मात्र भरावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून एक्स्चेंजला गेले. या वेळचं पत्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. सगळ्यांसमोर ते अण्णांना म्हणाले, "चूक माझी आहे. माझ्या घरात होती आणि मी तुमच्या दारात टाकली." अण्णांनी मान हलवली. "सरी, राव," म्हणजे ठीक आहे, एवढंच कन्नडात बोलले.

त्यांना काम परत मिळालं, पण आमच्या फाटकाशी ते थांबेनात. गल्लीतून सायकल जायची आणि अप्पा व्हरांड्यात उठून उभे राहायचे. दोन महिने असे गेले.

मग एका शनिवारी अण्णा आले. चेहरा गंभीर. "अक्का, चला माझ्यासंगं. तिसऱ्या ब्लॉकात तसंच बिल आलंय. त्या लोकांनी स्वयंपाकाच्या बाईला, पवित्राला, काढून टाकलंय. आम्ही नसताना फोन तीच करती म्हणत्यात."

मी चप्पल घालून निघाले. त्या घरातल्या बाईंनी आम्हाला थेट कॉम्प्युटरकडे नेलं. अण्णा दारातच थांबले आणि कन्नडमध्ये म्हणाले, "आधी पवित्राला बोलवा. ती आली की मशीन बघू."

"आधी खात्री तर होऊ दे," बाई म्हणाल्या.

"खात्री न्हवती तवा काढलं न्हवं तिला?" हे ते मराठीतच बोलून गेले. बाईंना शब्द कळले नसतील, पण त्यांनी शेजारच्या मुलीला पवित्राकडे धाडलं. पवित्रा आली, पदर खोचून भिंतीशी उभी राहिली आणि तिच्यासमोर अण्णांनी आकडे मोजले. पुन्हा चौदाच भरले.

त्यानंतर कित्येक शनिवार आम्ही घरोघर हिंडलो. मी कन्नड, इंग्रजी आणि मराठीत कागद लिहून दिले. बोलायचं काम अण्णांचं. "काम झालं की वायर काढा. परदेशी फोन लावायचा नसला की गुप्त आकड्याचं कुलूप घाला. आन् वाचल्याबिगर व्हय म्हणू नका." पहिल्या शनिवारी आम्ही परतलो तेव्हा अप्पांनी फाटक उघडून धरलं होतं. अण्णा त्या दिवशी आत आले आणि खुर्चीवर बसले.

आता त्या तारा राहिल्या नाहीत. अण्णा निवृत्त होऊन बेंगळुरातल्याच पीण्या भागाजवळ मुलीकडे राहतात. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. "अक्का, मोबाइलवर लग्नाची पत्रिका आलीय. दाबलं की काय तर ॲप उतरवा म्हणतंय. नवऱ्यामुलाला मी वळखत न्हाई."

"उघडू नका अण्णा. ते ॲप आपल्या फोनवरून परदेशात मेसेज पाठवत सुटतं, बिल आपल्याला. पुसून टाका."

"ते पुसलं. पण बिल्डिंगीत आणखी कुणाला आली आसंल तर?"

रात्रीच्या जेवणाआधी मी चौकशीला फोन केला, तो त्यांच्या मुलीने उचलला. "बाबा अजून वर आले नाहीत," ती हसत म्हणाली. "एकेका घराची बेल वाजवतायत. जेवायला बोलावलं तर म्हणाले, चौथा मजला राहिलाय."