मागची सीट

घरातल्या बाईची बसायची जागा कुणी कटरनं कापून टाकली, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? आमच्या घरात त्याला 'मॉडिफाय' म्हणाले.

जागा होती आमच्या जुन्या बुलेटवर. पाणी परिषदेची पत्रकं वाटत वडील त्या गाडीवरून अख्खा खटाव तालुका फिरले. मागे आई. मांडीवर पत्रकांचा गठ्ठा, एका हातात खळीचा डबा, दुसरा हात वडिलांच्या खांद्यावर. भाषण वडिलांचं व्हायचं, भिंतीवर कागद आई चिकटवायची. उरलेल्या पत्रकांवर मी अक्षरं गिरवली.

वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी पडून राहिली. दादानं ती इस्लामपूरला नेली. परत आली ती जाड टायर आणि एकच सीट घेऊन. चेसीचा मागचा भागच कापलेला. आई ओट्यावर उभी राहून बघत होती.

"आन् मी कुठं बसू रं?"

"आई, तू आता कारमधनं फिरायचं. बुलेट सिंगलच भारी दिसती."

वडील म्हणाले, "जाऊ दे, पोराची हौस हाय."

मला दादापेक्षा जास्त संताप वडिलांचा आला. हक्काच्या पाण्यासाठी जन्मभर घसा फोडणारा माणूस बायकोची हक्काची जागा गेल्यावर 'जाऊ दे' म्हणतो! त्याच आठवड्यात मी गाडी टेम्पोत घातली आणि सांगलीला एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात.

चाचांनी कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. "ताई, कापायला धा मिन्टं लागत्यात. जोडायला नमुना लागतो. न कापलेली गाडी दाखवा."

तशी गाडी शोधायला दोन महिने गेले. जो तो आपली कापून बसलेला. शेवटी वडूजला एक सापडली. चाचांनी तिला दोरी लावून मापं घेतली. परत येऊन पाइपात कोरडी वाळू ठासून भरली, म्हणजे वाकवताना पाइप चेपत नाही, आणि तापवून, तसूतसूनं वळवत नवा भाग तयार केला. पक्कं वेल्डिंग करण्याआधी तो नुसता टाचून ठेवला आणि म्हणाले, "आईला बसवून बघा."

मी आईवडिलांना आणि दादाला सांगलीला घेऊन आले. गाडी स्टँडवर होती. वडील पुढे बसले, आई मागे. आईनं हात पुढे केला आणि तो हवेतच थांबला.

"हात पोचत न्हाई," ती म्हणाली.

"बाई, मी माप दोनदा घेतलंय."

"माप तुमचं आसंल, हात माझा हाय."

दादा हसला. "आई, वय झालं तुझं. आखडली असशील."

"तुझी जीभ कवा आखडती ते बघती मी."

चाचा मात्र हसले नाहीत. त्यांनी तिथूनच वडूजला फोन लावला. गाडीवाला निवांतपणे म्हणाला, "व्हय, दुधाचे क्यान अडकवायला वडलांनी चार बोटं मागं वाढवून घेतली हुती. का वो?"

म्हणजे आमचा नमुनाही कुणीतरी आपल्या सोयीनं ओढलेला! गाडीवाल्याला ते सांगावंसंही वाटलं नव्हतं. आणि मी, सगळ्यांच्या चुका मोजणारी, आईला पहिल्याच दिवशी इथं आणून बसवायला विसरले होते. ती राहते सांगलीपासून दोन तासांवर. गाडीसाठी टेम्पो मिळाला मला, तिच्यासाठी वेळ मिळाला नाही.

चाचांनी टाके तोडून तो भाग काढला आणि त्या जागी फळीचा टेकू दिला. आईला पुन्हा बसवलं, तिचा हात वडिलांच्या खांद्यावर ठेवायला लावला आणि तिच्या बैठकीखाली खडूनं रेघ मारली. मग पाइप त्या रेघेवर आणून पक्का जोडला. बरोबर चार बोटं कमी.

"लुक गेला गं गाडीचा," दादा मला म्हणाला. वडिलांचा गुडघा आता चालता झाला होता; ते मान खाली घालून किक शोधत होते. तेवढ्यात आई म्हणाली, "आवं, हळू घ्या. डबा न्हाई हातात, पर एका हातानंच धरायची सवय हाय." वडिलांनी मान वळवून तिच्याकडं बघितलं. 'चुकलं' असं काही ते म्हणाले नाहीत. म्हणायला हवं होतं. माझा राग अजून तिथंच आहे.

तुमच्या दारात न कापलेली जुनी गाडी असेल, तर एवढं करा. आज टेप घ्या, चेसीची मापं कागदावर लिहा आणि तो कागद तुमच्या मिस्त्रीच्या भिंतीवर चिकटवा. पण लिहिण्याआधी त्या गाडीवर जी मागे बसत आली आहे तिला बसवा आणि विचारा, हात पोचतो का.