पळसावरचा स्वेटर

थंडी माणसाच्या पाठीतून आत शिरते, छातीतून नाही, असं रुखमाचं ठाम मत होतं. छातीवर माणूस हात तरी धरतो, शेकोटीसमोर बसला तर छातीच पुढे करतो. पाठ बिचारी उघडी राहते. म्हणून घरातलं कुणी थंडीत बाहेर निघालं की ती आधी त्याची पाठ चाचपायची. नवरा सोमाजी या बाबतीत तिच्या लेखी अगदीच कच्चा. तो एकच जाड घोंगडं डोक्यापासून गुंडाळायचा, चालून घाम आला की सगळंच काढून खांद्यावर टाकायचा आणि मग दिवसभर शिंकत बसायचा. एका जाड कापडापेक्षा चार पातळ कापडं बरी, पाहिजे तेव्हा एकेक काढता येतात, हे तिनं त्याला लग्नापासून सांगितलं आणि त्यानं लग्नापासून ऐकलं नाही.

हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. नागभीडच्या अलीकडे, तलावाच्या पाळीखाली वसलेल्या या गावात ती सून म्हणून आली, तेव्हापासून लोकांच्या बांध्यांत, भाताच्या खाचरांत, धान रोवत आणि कापत आली होती. कापणीच्या दिवसांत सकाळी धानावर दंव असतं. पदर भिजतो, पात्यांनी हात चिरतात आणि ऊन चढलं की त्याच अंगाची काहिली होते. एका हंगामात तिनं सोमाजीचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट पोलक्यावरून चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली, कमरेला दुपट्टा कसला आणि बांधीत उतरली. बायका हसल्या. त्यांतली सुगंधाबाई म्हणजे गावातली सगळ्यांत धारदार जीभ. तिनं विचारलं, आज सोमाजी लुगडं नेसून घरी बसला काय? पण थोड्याच दिवसांत सुगंधाबाईच्या अंगावरही तिच्या मुलाचा चौकटीचा शर्ट दिसू लागला. पुढे तर शर्टाशिवाय बांधीत उतरणारी बाईच उरली नाही.

रुखमाची मुलगी मयुरी पोलीस भरतीची तयारी करत होती. मागच्या वेळी ती मैदानी चाचणीतच मागे पडली. लेखीची तिला भीती नव्हती, दम कमी पडला. मग तिनं रोज सकाळी धावायला सुरुवात केली. पहिल्याच हिवाळ्यात ती जाड स्वेटर घालून धावली, घामानं भिजली, तशीच वाऱ्यातून चालत घरी आली आणि तापानं अंथरुणाला खिळली. तेव्हा रुखमानं कारभार आपल्या हातात घेतला.

अंगाला लागून टी-शर्ट. त्याच्या आत, पाठीवर, जुन्या लुगड्याचा घडी केलेला मऊ धडपा, म्हणजे घाम तो पिऊन घेईल. वरून सोमाजीचा शर्ट, त्यावर शाळेतला निळा स्वेटर, त्यावर शाल. कानांभोवती रुमाल, तो मात्र शेवटपर्यंत काढायचा नाही. घाम यायच्या आधी एक कापड उतरवायचं आणि अंग गार पडायच्या आधी चढवायचं. जंगलाच्या बाजूला वाघाची भीती, म्हणून चांगलं उजाडल्यावर, डांबरी रस्त्यानंच धावायचं. गाव संपताना चिंचेवर शाल टांगायची, नाल्यावरच्या रपट्याजवळच्या पळसावर स्वेटर आणि फाट्यावरच्या मोहाच्या झाडावर शर्ट. परतताना उलट क्रमानं एकेक घालत यायचं. मोहावर एका पिशवीत कोरडा धडपा असायचा. ओला काढून तो आधी पाठीला लावायचा.

गावाला हे सवयीचं झालं. दूधवाला मोटारसायकलवरून सांगत यायचा, पळसावर स्वेटर लागला म्हणजे पोरगी फाट्याकडे गेली. धुकं असलं तर म्हातारे लांबून स्वेटर पाहून दचकायचे आणि मग स्वतःवरच हसायचे.

हसले नाहीत ते गुणवंतराव. त्यांच्या बांध्या गावात सगळ्यांत मोठ्या. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी दुखणं आलं तर रात्री-अपरात्री स्वतःची गाडी काढून दवाखान्यात नेणारा. पण गावात काय बरं दिसतं आणि काय बरं दिसत नाही, हे ठरवायची त्यांना सवय लागली होती. पानठेल्यावर त्यांनी सोमाजीला बाजूला घेऊन सांगितलं, की लग्नाच्या वयाची मुलगी रस्त्यानं एकेक कपडा उतरवत धावते, हे ठीक नाही. सोमाजीनं घरी येऊन ते चाचरत सांगितलं. रुखमा भाकरी थापत होती. तिनं ऐकलं आणि तव्यावरची भाकरी उलटली, एवढंच.

मैदानी तोंडावर आली असताना एका सकाळी कपडे गेले.

मयुरी फाट्यावरून परतली तेव्हा मोहावर शर्ट नव्हता, पिशवीही नव्हती. पळस रिकामा. चिंच रिकामी. अंगातला टी-शर्ट घामानं चिकटलेला. तशा कपड्यांत गावातून जायचं म्हणून ती चिंचेपाशीच वळली आणि तलावाच्या पाळीवरून लांबचा फेरा घेऊन मागच्या दारानं घरात आली. पाण्यावरून येणारा वारा अंगावर घेत आली. ओठ काळेनिळे पडले होते, दात वाजत होते.

रुखमानं तिला चुलीसमोर बसवलं, पाठ कोरडी केली, घोंगडं पांघरलं. काय झालं ते ऐकून घेतलं आणि मग चिडली, ती मुलीवर.

"चोरी तू केली का?"

मयुरीनं नकारार्थी मान हलवली.

"मंग मागच्या रस्त्यानं काऊन आली?"

तेवढ्यात वारलू दारात आला. तो गुणवंतरावांकडे सालाला, वर्षभराचा गडी म्हणून होता. उंबऱ्याबाहेरच उभा राहून त्यानं जमिनीकडे पाहत सांगितलं, की कपडे बोरिंगवर आहेत. मालकानं सांगितलं म्हणून मी आणले, मले माफ कर बाई.

गावची पाण्याची बोरिंग, हातपंप, गुणवंतरावांच्या फाटकासमोरच होती. तिच्याभोवतीच्या तारेच्या कुंपणावर शाल, स्वेटर, शर्ट आणि तो लुगड्याचा धडपासुद्धा, सगळं ओळीनं पसरून ठेवलेलं. पाण्याला आलेल्या बायका कमरेवर पाण्याचे गुंड घेऊन उभ्या होत्या. गुणवंतराव फाटकात चहाची बशी धरून उभे होते. रुखमा आली तसे तेच आधी बोलले, समजावणीच्या सुरात.

"रुखमाबाई, राग नको मानू. पोरगी माह्या पोरीसारखीच आहे. पण हे असे कपडे रस्त्यानं टांगणं बरं दिसत नाई. पाव्हणेरावळे येऊन राह्यले गावात."

"तिनं झाडावर टांगले होते, भाऊ," रुखमा म्हणाली. "चवाठ्यावर तं तुम्ही टांगले."

कुणीतरी गुंड खाली ठेवला. गुणवंतरावांनी बशी कठड्यावर ठेवली. मग ते जरा चढ्या आवाजात म्हणाले, की बाईच्या जातीनं माणसांचे कपडे घालून हिंडायचं, गावाची काही इज्जत आहे की नाही.

रुखमानं कुंपणावरून सोमाजीचा शर्ट उतरवला, झटकला आणि तिथंच, सगळ्यांसमोर, लुगड्यावरून अंगात घातला. एकेक बटण लावत ती बोलली.

"हाच शर्ट घालून मी तुमचा धान कापला. दरसाल. तुम्ही बांधीच्या धुऱ्यावर उभे राहून म्हणत होते, रुखमाबाईचा हात चांगला चालते. तवा गावाची इज्जत कुठी गेली होती, भाऊ?"

गुणवंतराव बायकांकडे पाहू लागले, आणि बहुधा तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं. पाणी भरून धानाचे भारे वाहायला त्यांच्याच बांधीत निघणाऱ्या त्या सगळ्या बायकांच्या अंगावर शर्ट होते. नवऱ्याचे, मुलांचे, एकीच्या अंगावर तर भावाचा जुना खाकी.

"आमचेबी टांगता का, भाऊ?" सुगंधाबाईनं विचारलं. "उतरवून देतो. मंग भारे तुम्हीच वाहा."

गुणवंतराव आत वळले. जाता जाता एवढंच म्हणाले, की रुखमाबाईनं उद्यापासून खळ्यावर नाही आलं तरी चालेल.

सोमाजी दिवसभर अस्वस्थ होता. हंगाम अजून बाकी, मळणी बाकी, आणि गावात दुसरं एवढं मोठं खळं नाही. मुलीला काही दिवस घरच्या अंगणातच धावू दे, असं त्यानं सुचवून पाहिलं. रुखमा म्हणाली, अंगणात धावून पोलीस होते काय कुणी? मग ती स्वेटरची सुटलेली शिवण घालत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मयुरी कपडे चढवत होती. सोमाजीनं पेटी उघडली आणि लग्नाकार्याला घालायचा आपला नवा शर्ट काढून पुढे केला. जुना विरला आहे, तो काय वारा अडवणार, असं पुटपुटला आणि शिंकला. रुखमानं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

त्या दिवशी कुठल्याही झाडावर काही टांगलं गेलं नाही. रुखमा गुणवंतरावांच्या फाटकासमोर, बोरिंगच्या कट्ट्यावर जाऊन बसली. मयुरीला सांगितलं होतं, आज फाट्यापर्यंत नाही, बोरिंग ते रपटा अशा फेऱ्या मारायच्या, गावाच्या मधून. पहिली फेरी झाली, मयुरीनं शाल काढून आईकडे दिली. रुखमानं ती पांघरली. मग स्वेटर आला. तो तिला दंडांत घट्ट झाला, तरी तिनं घातला. मग सोमाजीचा नवा शर्ट आला, तो स्वेटरवरून चढवला. कोरडा धडपा तिनं पोटाशी धरला होता. फुगून बसलेल्या कोंबडीसारखी ती कट्ट्यावर दिसत होती आणि तिला ते ठाऊक होतं. पाण्याला आलेल्या सुगंधाबाईनं विचारलं, आज दुकान मांडलं का काय? आणि गुंड बाजूला ठेवून तीही शेजारी बसली.

फाटक उघडलं. गुणवंतराव बाहेर आले, थबकले. समोरून टी-शर्टमधली मयुरी वाफाळता श्वास सोडत आली आणि त्यांच्या समोरूनच पुन्हा रपट्याकडे वळली. तिनं मान खाली घातली नाही. दूधवाला गाडी हळू करून म्हणाला, आज स्वेटर पळसावर नाही वाटते.

मयुरीची आणखी एक फेरी झाली, तेव्हा गुणवंतराव कुणाकडेही न बघता बोलले. "खळ्यावर माणसं कमी पडून राह्यली."

"पोरगी धावून राह्यली," रुखमा म्हणाली. "तिचं होऊ द्या, मंग पाहू."

शेवटची फेरी संपली. मयुरी धापा टाकत आईसमोर पाठ करून उभी राहिली. रुखमानं ओला धडपा ओढून काढला आणि पोटाशी धरून उबवलेला कोरडा तिच्या पाठीवर सरकवला. मग आपल्या अंगावरचा शर्ट काढला, तिला घातला. मग स्वेटर.

"गरम आहे माय," मयुरी म्हणाली.

"असनच नं," रुखमा म्हणाली आणि शालीचं टोक तिच्या पाठीवर नीट खोचलं. "चाल. मधल्या रस्त्यानं."